टेपखालचा जोड

"थांबा सर. पह्यले अर्थिंग पाहू."

गाडीला काहीही झालेलं असो, काकाजींचं पहिलं वाक्य हेच. दिवा लागत नाही, अर्थिंग पाहू. स्टार्टर फिरत नाही, अर्थिंग पाहू. एकदा मी त्यांना सहज सांगितलं की हल्ली झोप नीट लागत नाही. पक्कड बाजूला ठेवून त्यांनी माझ्या जाड तळाच्या बुटांकडे पाहिलं आणि म्हणाले, "हे काढा अन् सकाळी मातीवर चालत जा. तुमचं अर्थिंग गेलं."

प्रताप नगरच्या एका गल्लीत टिनाच्या शेडखाली त्यांचं दुकान होतं. दुकान म्हणजे एक टेबल, एक मीटर, खिळ्यांना टांगलेली वायरींची भेंडोळी आणि गिऱ्हाइकाला बसायला कुठल्याशा गाडीतून काढलेली सीट. आता तिथे थंड पाण्याचे कॅन मिळतात. काकाजी मुलीकडे राहायला गेले, त्याला वर्ष होईल. पण त्या बाजूला गेलो की माझी गाडी अजूनही तिथे हळू होते. असा एखादा माणूस तुमच्याही गल्लीत असेलच. त्याचं नाव कुणाला धड माहीत नसतं आणि वाट मात्र सगळे पाहत असतात.

मी शाळेत चित्रकला शिकवतो. माझ्याकडे वडिलांची जुनी गाडी आहे. तिचं इंजिन थकलं तेव्हा घरच्यांनी ती भंगारात द्यायचा सल्ला दिला. माझ्यानं देववेना. मग एका मिस्त्रीनं तिच्यात अपघातात गेलेल्या नव्या गाडीचं इंजिन बसवलं. मोठ्या हौसेनं मी चावी फिरवली, तर काहीच झालं नाही. नव्या इंजिनाला स्वतःचा छोटा कॉम्प्युटर असतो, त्याला दहा ठिकाणचे सेन्सर माहिती पुरवतात, आणि माझ्या गाडीला यातलं काही ठाऊकच नव्हतं. मिस्त्री म्हणाला, "हे आता काकाजीचं काम."

काकाजींनी बॉनेट उघडून आत पाहिलं आणि नव्या सुनेचं स्वागत करावं तसे हसले. "दोघांची बोली वेगळी आहे सर. म्या मधातला माणूस." दहा-बारा दिवस ते वायरी कापत होते, जोडत होते, टेप गुंडाळत होते. माझी शाळा सकाळची, त्यामुळे दुपारी मी जाऊन बसायचो. एक गोष्ट मला गमतीची वाटायची. एखादी वायर माझ्यापुढे धरून ते विचारायचे, "सांगा बरं सर, हा कोणता रंग?" मी सांगायचो, आणि ते मान हलवून म्हणायचे, "बराबर." चित्रकलेच्या मास्तराची परीक्षा घेतात, असं समजून मी हसायचो. त्या हसण्याची मला आज लाज वाटते.

गाडी सुरू झाली. सकाळच्या थंडीत पहिल्या चावीत सुरू व्हायची, घड्याळासारखी चालायची, मोकळ्या रस्त्यानं पंधरा मिनिटांत शाळेत सोडायची. पण दुपारी शाळेतून गर्दीच्या रस्त्यानं शहराच्या टोकाला, बेसाला घरी निघालो की वीसेक मिनिटांत तिचा नूर बदलायचा. मागून काळा धूर निघायचा, मग आचके देत ती बंद पडायची, आणि पूर्ण थंड झाल्याशिवाय पुन्हा सुरू व्हायचं नाव घ्यायची नाही. रेडिएटरचा पंखाही आपणहून लागत नसे. काकाजींनी त्याला स्टिअरिंगखाली एक बटण लावून दिलं. "तोवर हातानं लावत जा. कारण सापडलं की काढून टाकू."

कारण सापडेना. अर्थिंग तीन वेळा पाहून झालं. पेट्रोलचा पंप पाहिला, रिले बदलला, दोन सेन्सर नवे आणले. गाडी आपली सकाळी शहाणी आणि दुपारी वेडी. काकाजी सुकत चालले. इतर गाड्या दाराशी उभ्या असत आणि ते माझ्याच गाडीच्या पोटात डोकं घालून बसत. मीच एकदा म्हटलं, "राहू द्या काकाजी, इंजिनच खराब असेल." तर चिडले. "इंजिनाले नाव नोका ठेवू. ते जे ऐकते तसंच चालते. कोणीतरी त्याले खोटं सांगून राहिलं."

एका रविवारी ते मला म्हणाले, मीटर धरा. इंजिनाचं पाणी किती तापलं हे सांगणारा एक सेन्सर असतो, आणि आत येणारी हवा किती गरम आहे हे सांगणारा दुसरा. दोन्हींच्या वायरी कॉम्प्युटरकडे जातात. काकाजींनी जोडावरची टेप सोडली.

"हा पाण्याच्या सेन्सरचा जोड. निळ्याले निळा," ते म्हणाले.

मी वाकून पाहिलं. "काकाजी, याला हिरवी जोडली आहे."

"निळी आहे सर."

"हिरवी आहे. रंगात तरी माझ्याशी वाद घालू नका," मी हसत म्हणालो.

ते हसले नाहीत. ती वायर त्यांनी उन्हात नेली, डोळ्यांजवळ धरली, लांब धरली. मग हवेच्या सेन्सरचा जोड उघडून माझ्यापुढे केला. तिथे हिरव्याला निळी होती. दोन सेन्सरची अदलाबदल झाली होती. सकाळी हवा आणि पाणी दोन्ही सारखीच गार, म्हणून कॉम्प्युटरला फरक कळत नव्हता. इंजिन तापलं तरी तो हवेचा गारवा पाण्याचा समजायचा, इंजिन अजून थंडच आहे असं धरून पेट्रोल ओतत राहायचा आणि पंखा लावायचा नाही. इंजिनाला खोटं सांगणारे खुद्द काकाजीच होते.

ते सीटवर बसले. दोन्ही हात मांडीवर, तळवे वर.

"मले रंग दिसत नाही सर," ते म्हणाले. "दोन-तीन वर्षं झाली. मोतीबिंदू आहे. निळं-हिरवं सारखंच, काळं-तपकिरी सारखंच."

"मग इतकी कामं केलीत कशी?"

"काकू होती न."

काकूंना मी पूर्वी त्या गल्लीतून जाता-येता पाहिलं होतं. दुपारी डबा घेऊन यायच्या आणि संध्याकाळपर्यंत त्यांच्याजवळ लाकडी पाटावर बसून राहायच्या. सगळ्यांना वाटायचं, बाई नवऱ्याला जेवू घालायला येते आणि सोबतीला बसते. खरं म्हणजे त्या दुकान चालवत होत्या. त्यांचं माहेर उमरेडचं, विणकरांचं घर, लहानपण सुताच्या लडींमध्ये गेलेलं. त्यांना रंग विचारावा लागत नसे. त्या वायर उचलून काकाजींच्या बोटांत द्यायच्या, ते पीळ मारायचे, आणि वरून टेप गुंडाळायच्या त्याच. गिऱ्हाइकासमोर एक अक्षर बोलायच्या नाहीत. नवऱ्याला दिसत नाही हे त्यांनी जगाला कळू दिलं नाही.

काकू गेल्या, आणि पुढच्याच महिन्यात माझी गाडी त्यांच्या दाराशी आली.

"ऑपरेशन काहून नाही केलं?" मी त्यांच्याच बोलीत विचारलं.

"भेव लागे. ती म्हणे, करून घ्या, करून घ्या. म्या म्हणो, तू आहेस न, मले काय गरज?"

मी त्यांना दवाखान्यात नेलं, यात माझा मोठेपणा काही नाही. ते स्वतःच दुसऱ्या दिवशी आंघोळ करून, इस्त्रीचा सदरा घालून माझी वाट पाहत होते. महिन्याच्या अंतरानं दोन्ही डोळे झाले. काळा चष्मा काढल्यावर त्यांनी आधी माझी गाडी पाहिली. "अरे बाप्पा, हे पांढरी आहे! म्या बदामी समजून राहिलो होतो." मग आरशात स्वतःला पाहून म्हणाले, "एवढा म्हातारा झालो, अन् कोणी सांगितलंच नाही मले."

दृष्टी आली तशी त्यांची झोप उडाली. काकू आजारी पडल्यापासून आपण चार गाड्या जोडल्या, हे त्यांना टोचू लागलं. गाडी म्हणजे खेळणं नव्हे, चुकीच्या वायरीनं ती पेटूही शकते. माझी दुरुस्त झाली होती. उरलेल्यांपैकी दोघांना त्यांनी बोलावून घेतलं. कारण मात्र सांगत, "टेप खराब निघाली, बदलून देतो." एक गाडी निर्दोष निघाली. दुसरीत डावा इंडिकेटर दिला की समोर उजवा बाण लागत होता. मालकाला विचारलं तर म्हणाला, "मले वाटलं असंच असते. म्या सवय करून घेतली."

चौथी होती कुहीजवळच्या एका खेड्यातली जीप. तिच्यात डिझेलचं दुसरं इंजिन बसवलेलं, आणि तिच्यातून गावातली पोरं शाळेत जायची. हिच्याच वेळी काकू आजारी पडल्या होत्या. "तिचे जोड करताना ती पाटावर बसली होती का दवाखान्यात होती, मले आठवतच नाही," काकाजी पुन्हा पुन्हा म्हणत. फोन केला तर मालक यायला तयार नव्हता. मग आम्हीच निघालो, माझ्या गाडीनं. वाटेत रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कापलेलं धान पसरलं होतं. काकाजींनी काचेबाहेर एकदाही पाहिलं नाही.

मालक जीपला टेकून उभा राहिला. "काहून खोलता गा काकाजी? मस्त चालून राहिली."

"टेप..." काकाजींनी सुरुवात केली आणि थांबले. शाळेतून सुटलेल्या दोन पोरी अंगणात दप्तरं टाकत होत्या. त्यांच्याकडे पाहून ते म्हणाले, "खरं सांगतो भाऊ. हे काम केलं तवा मले दिसत नव्हतं. माह्या हातून चुकलं असंन. लेकरं बसतात तुमच्या गाडीत. मले पाहू द्या."

मला वाटलं, आता हा माणूस भडकणार. त्यानं बॉनेट उघडलं, घरातून खाट आणून उन्हात टाकली आणि म्हणाला, "पाहा. आरामात पाहा."

काकाजींनी पहिल्या जोडावर ब्लेड लावलं. टेप सुटली. काळ्याला काळी. दुसरा जोड, लालला लाल. तिसरा, तपकिरीला तपकिरी. मला न विचारता ते स्वतःच पाहत होते, आणि प्रत्येक जोड बरोबर होता. मला हायसं वाटलं. त्यांचा हात मात्र हळू होत गेला.

चौथा जोड त्यांनी उघडला नाही. तो अंगठ्यानं चाचपला, गोल फिरवला, टेपचं टोक कुठे संपतं ते पाहिलं. मग ब्लेड बाजूला ठेवलं.

"सर, पाहा इकडं. हे टेप डावीकडून गुंडाळली."

"म्हणजे?"

"ती डावखुरी होती न गा. ती होती त्या दिवशी. बसली होती माह्याजवळ. ताप होता तिले, तरी आली होती."

उघडलेले तीन जोड त्यांच्यापुढे लोंबत होते. सुटलेल्या टेपचे तुकडे त्यांनी एकेक करून उचलले आणि खिशात ठेवले. मग आपल्या हातानं त्या तिन्ही जोडांवर नवी टेप गुंडाळली, उजवीकडून.

मालक जवळ आला. "बाकीचे नाही पाहत काय काकाजी?"

"नाही."

"पण न पाहता तुमाले काय माहीत, बराबर आहे म्हणून?"

काकाजींनी उरलेल्या जोडांवरून एकदा हात फिरवला आणि बॉनेट खाली घेतलं. "हे तिनं गुंडाळले आहे," ते म्हणाले. "हे म्या उघडणार नाही."