सोप्या प्रश्नांचं मापटं

इस्त्री करताना मावशी एका जागी उभ्या आहेत, असं कपडेपटातल्या कुणी कधी पाहिलं नव्हतं. एक पाय मेजाजवळ, दुसरा दाराकडे आणि कान थेट दाराबाहेर. टीव्हीवरच्या सामान्यज्ञानाच्या स्पर्धेचं चित्रीकरण जिथे व्हायचं, त्या स्टुडिओच्या मागच्या बोळात ही खोली होती. स्पर्धक घरून आणलेले चुरगळलेले कपडे घेऊन यायचे. मावशी ते कडक करून द्यायच्या. कुणाचं तुटलेलं बटण लाव, कुणाच्या अंगावर स्टुडिओचा कोट चढव, कुणाचा घामानं भिजलेला सदरा पंख्याखाली धर. हात गुंतलेले, पण डोकं मोकळं. आणि मोकळं डोकं हाच मावशींचा सगळा घोळ होता.

कपडेपटासमोर प्रश्नखोली. तिथे चार-पाच जण दिवसभर पुस्तकांत डोकं खुपसून प्रश्न काढायचे आणि त्यांचे प्रमुख, ज्यांना सगळे सर म्हणत, ते प्रश्नांना पायऱ्या लावायचे. खालच्या पायऱ्यांवर सोपे, वर अवघड. आता गंमत अशी, की दिवसरात्र प्रश्नांत राहून या मंडळींना सोपं म्हणजे काय हेच कळेनासं झालं होतं. एकदा लागोपाठ तीन स्पर्धक पहिल्याच प्रश्नाला गळाले, तेव्हा सर वैतागून बोळात आले. समोर मावशी, खांद्यावर दोन कोट.

"मावशी, कोळ्याला पाय किती?"

"आठ. का हो? चावला का कुठे?"

"हा घ्या पहिल्या पायरीवर!" सर आत ओरडले.

तेव्हापासून चाल पडली. दुपारी मावशींना आत बोलवायचं, वीस-पंचवीस प्रश्न विचारायचे. मावशींना आलं की प्रश्न सोपा, खालच्या पायऱ्यांवर. नाही आलं की वर. मंडळी त्यांना 'मापटं' म्हणू लागली, तेही तोंडावर. मावशींना त्याचं काही वाटलं नाही, उलट बरंच वाटलं. घरी सासूबाईंना त्यांनी मोठ्या टेचात सांगितलं, "मला विचारल्याशिवाय एक प्रश्न पुढे जात नाही."

सासूबाई चष्मा पुसत म्हणाल्या, "अगं, तुला काही येत नाही म्हणून विचारतात."

"मग? न येण्याचा असा उपयोग कुणाचा होतो सांगा बरं."

यावर सासूबाईंनाही हसू आवरलं नाही.

अडचण दुसरीकडेच होती. मंडळी मावशींना फक्त 'बरोबर' किंवा 'चूक' एवढंच सांगायची, कारण पुढचे प्रश्न वाट बघत असायचे. आणि चुकलेला प्रश्न मावशींच्या डोक्यात किड्यासारखा वळवळत राहायचा. हवेत सगळ्यात जास्त वायू कोणता, या प्रश्नाला त्यांनी ठणकावून 'प्राणवायू' सांगितलं होतं. चूक. घरी येताच त्यांनी चप्पल काढायच्या आत नवऱ्याला गाठलं. नवरा नळकाम करणारा. मोरीत पाना घेऊन बसला होता.

"अहो, हवेत काय असतं सगळ्यात जास्त?"

"नळात हवा शिरली की पाणी येत नाही. त्यापलीकडे माझा नि हवेचा संबंध नाही."

मावशींना चैन पडेना. त्या तशाच कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानात गेल्या. दुकानदार म्हणाला, "नायट्रोजन. आणि खोकल्याचं औषध देऊ का?"

"खोकला नाहीये मला. मग प्राणवायू कुठे गेला?"

"तो आहे हो, पण पाचवा हिस्साच."

"एवढाच? आणि आपण सगळे त्याच्यावर?" मावशी चकित होऊन मागच्या गिऱ्हाइकाकडे वळल्या, जणू यात त्याचाही काही हात होता.

अशी त्यांची वर्षं गेली. दिव्यांची सोय बघणारा माणूस, पुतणी, दाताचे डॉक्टर, पोस्टातली बाई, सगळ्यांच्या मागे त्या हात धुऊन लागल्या. आणि एकेक उत्तर त्यांच्यात मुरत गेलं. मापटं आतून मोठं होत होतं, हे कुणाच्याच लक्षात आलं नाही. मावशींच्याही नाही. उलट, आपल्याला आता बरंच येतं म्हणून त्या खूश होत्या आणि आपले प्रश्न छान सोपे निघताहेत म्हणून मंडळी खूश होती.

मग तो बसचालक आला. मोठा अंगापिंडाचा माणूस. मावशींनी त्याला कोट चढवला, खांदे झटकले. स्पर्धकांशी कपड्यांशिवाय दुसरं काही बोलायचं नाही असा सक्त नियम होता, म्हणून त्या एवढंच म्हणाल्या, "मधलं बटण लावा, शेवटचं नको." तो मान डोलावून गेला.

थोड्याच वेळात परत आला. मावशींना विचारायची चाल पडल्यापासून इतक्या लवकर कुणी परत येत नसे.

भिंतीवरच्या पडद्यावर मावशींनी सगळं पाहिलं होतं. दुसराच प्रश्न: सूर्यमालेतला सर्वांत उष्ण ग्रह कोणता? बसचालकानं क्षणभर विचार केला आणि 'बुध' म्हणाला, कारण तो सूर्याला सगळ्यात जवळ. सूत्रसंचालक कागदात बघून हळहळला, "अरेरे! शुक्र! हा तर सोपा प्रश्न होता हो!" प्रेक्षक हसले.

तो प्रश्न मावशींच्या चांगला ओळखीचा होता. महिन्याभरापूर्वी त्यांनी पटकन 'शुक्र' म्हटलं होतं. त्याच्या बऱ्याच आधी दाताच्या डॉक्टरांनी त्यांना तोंडात कापूस असताना समजावलं होतं, की शुक्राभोवतीच्या दाट वायूंत उष्णता कोंडून राहते. डॉक्टरांकडे स्वतःही त्या आधी 'बुध'च म्हणाल्या होत्या!

बसचालक कोट उतरवता उतरवता म्हणाला, "मावशी, खरंच सोपा होता का हो? घरी मुलं बघतील. आमच्या डेपोतसुद्धा सगळे बघतील."

'नव्हता' हा शब्द मावशींच्या अगदी ओठांवर आला होता. पण नियम आडवा आला. "हात जरा सैल सोडा," त्या म्हणाल्या, "बाही अडकतेय."

तो गेला. मावशींचा मात्र जीव थाऱ्यावर राहिला नाही. एकच सदरा त्यांनी दोनदा इस्त्री केला, आणि तिसऱ्यांदा केला तेव्हा कॉलर पिवळी पडली.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्या एक ठरवून आत गेल्या. प्रश्न आला, ऑक्टोपसला हृदयं किती? तीन, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. त्या म्हणाल्या, "एक. सगळ्यांना एकच असतं की."

"चूक. वर टाका," सर म्हणाले. मावशींना सुटल्यासारखं वाटलं. एवढंच तर करायचं होतं!

पण पुढचा प्रश्न आला. वटवाघूळ पक्षी की सस्तन प्राणी? मावशींच्या मनात आलं, आपल्याला हे येतं. पण आधी येत होतं का? की पुतणीनं सांगितलं? त्या बसचालकासारख्या माणसाला येईल का? त्या आठवू लागल्या, आपण हे काही शिकलो नव्हतो तेव्हा काय म्हणालो असतो, आणि त्यांना ते काही केल्या आठवेना. उत्तर तेवढं समोर लख्ख उभं, आणि त्याच्या मागचं सगळं धूसर.

"मावशी? बोला की."

"मला नका विचारू," मावशी उठून उभ्या राहिल्या. "सर, माझं माप बिघडलंय. तो बसवाला माझ्यामुळे पडला."

खोलीत कुणीतरी हसलं. सर म्हणाले, "काहीतरीच काय. दमलात तुम्ही. चहा घ्या."

"चहा नको. मला शुक्र आपोआप आला नव्हता, मी विचारून आणला होता. गेली कितीतरी वर्षं मी विचारतच सुटलेय. माझ्यावर जाऊन जेवढे प्रश्न तुम्ही सोपे म्हणून ठेवलेत, ते सोपे नाहीत."

"म्हणजे आमच्या सगळ्या खालच्या पायऱ्या चुकल्या म्हणता?"

"बाहेर जाऊन विचारा ना."

"मावशी, अर्ध्या तासात चित्रीकरण आहे."

"म्हणून तर म्हणतेय. बाहेर आजची स्पर्धक, ती पाळणाघरवाली, बसलीय. पाणी पिऊन पिऊन तिचं पोट भरलंय." मावशींचा आवाज चढला, तो त्यांनाच नवा होता. "तिला दुसऱ्या प्रश्नाला पाडायचं नि वर 'सोपा होता' म्हणायचं?"

 सरांनी त्या दिवसाच्या प्रश्नांचा गठ्ठा उचलला आणि ते बोळात आले. मागोमाग सगळी खोली. मंचाची फळी ठोकणारे दोन सुतार, पहारेकरी, कॅन्टीनवाला, रंगभूषेतली बाई, जो दिसेल त्याला सर विचारत सुटले. दुसरा प्रश्न कुणालाच आला नाही. तिसरा एकाला आला, तोही 'अंदाजानं' म्हणाला. चौथ्यावर सुतारांचं आपसांत भांडण जुंपलं. सरांचा चेहरा उतरला. ते आत गेले आणि प्रश्नांना नव्यानं पायऱ्या लावण्यासाठी त्यांनी दार लावून घेतलं.

त्या दिवशी चित्रीकरण उशिरा सुरू झालं. सूत्रसंचालक चिडचिड करत बोळात येरझाऱ्या घालत होता. पाळणाघरवाली सहाव्या पायरीवर गळाली. पण परत आली ती गाल लाल करून, "मला पाच आले हो!" असं नियम न जुमानता मावशींच्या कानात ओरडत. मावशींनी तिचा कोट उतरवला आणि उगाचच पुन्हा एकदा झटकला.

संध्याकाळी सरांनी त्यांना बोलावलं. "मावशी," ते जरा चाचरत म्हणाले, "आता तुम्हाला विचारून..."

"उपयोग नाही. कळतंय मला."

चष्मेवाली प्रश्नलेखिका मान वर न करता म्हणाली, "वाईट वाटून घेऊ नका. तुम्ही आता आमच्याइतक्याच निकामी झालात, एवढंच."

मावशी हसल्या. पण दाराबाहेर आल्यावर त्यांना कळेना, हात कुठे ठेवावेत.

आता दुपारी कॅन्टीनवाल्याला आत बोलावतात. दार लागतं. आतून हसणं ऐकू येतं, प्रश्न ऐकू येत नाही. मावशी इस्त्री सोडून दाराशी जातात, परत येतात, पाणी शिंपडतात, पुन्हा जातात. कोणता विचारला असेल? आपल्याला आला असता का?

परवा तो बाहेर आला तो रिकामा ट्रे उलटा धरून, कपाळाला आठ्या घालून. सरळ निघून जायच्या ऐवजी कपडेपटाच्या दाराशी थबकला.

"मावशी, एक सांगा. माणसाच्या शरीराचा सगळ्यात मोठा अवयव कुठला? मी म्हटलं यकृत. चूक म्हणाले."

मावशींची नजर त्याच्या उघड्या दंडाच्या त्वचेवर गेली, आणि त्यांनी ती ताबडतोब काढून घेतली. शब्द जिभेच्या टोकावर होता. सांगितलं तर तो खूश होईल. उद्या पुन्हा येईल. परवा दुसरा प्रश्न घेऊन येईल, आणि हळूहळू त्याचंही माप बिघडेल.

"आतलं बाहेर बोलायचं नसतं," त्या म्हणाल्या.

"तुम्ही काय बाहेरच्या? सांगा ना."

"मला काय माहीत, बाबा?"

"कमाल आहे. एवढी वर्षं आत बसत होतात!" तो दोन पावलं गेला आणि मागे फिरला. "फुप्फुस असेल का?"

"कॅन्टीनमध्ये कुणी नाहीये तुझ्या."

"असू दे. मग आतडं? आतडं लांब असतं ना फार?"

मावशींनी ओठ घट्ट मिटले आणि दार लोटून घेतलं. पावलांचा आवाज काही आला नाही. तो तिथेच होता. दाराच्या पलीकडे तो पुटपुटत होता, आणि अलीकडे मावशी कडीवर हात ठेवून, ती लावावी की दार उघडावं हे न कळून उभ्या होत्या.