दोघं ओ, मुलगी बी

मुलगी पहिलीत असताना तिला डेंग्यू झाला. प्लेटलेट घसरल्या, तेव्हा रक्त द्यायला मी आणि नवरा दोघंही पुढे झालो. आमच्या दोघांचे गट ओ निघाले, मुलीचा बी. मी तिच्या तापाच्या घोरात होते, माझं तिकडे लक्षही गेलं नाही. लक्ष गेलं नणंदेच्या नवऱ्याचं. ते ज्युनिअर कॉलेजात बायोलॉजी शिकवतात. दवाखान्याच्या जिन्यात, सासूबाईंच्या देखत ते म्हणाले, "आई-बाप दोघं ओ असले तर मूल ओच होतं. बी होऊच शकत नाही."

सासूबाई मोहोळहून नातीसाठी धावत आल्या होत्या. "म्हंजी काय वं?"

"काही नाही. शास्त्र सांगतोय."

मुलगी बरी होऊन घरी आली. सासूबाई तिला जवळ घ्यायच्या, पण आता तिचं नाक-कपाळ निरखून बघायच्या. "कुनावर गेलीय की ही," असं मला ऐकू येईल इतपतच म्हणायच्या. लेकरू हसून विचारायचं, "कुणावर गं आजी?" मला भिंतीवर डोकं आपटावंसं वाटायचं.

पण खरी चीड आली ती नवऱ्याची. तो गप्प होता. बोलला तेव्हा म्हणाला, "एकदा डीएनए करून टाकू. लोकांची तोंडं बंद होतील."

"कुठल्या लोकांची? तुमचं धरून?"

तो खाली मान घालून चप्पल शोधायला लागला.

माझ्याबद्दल मला शंका नव्हती. म्हणजे घोळ असलाच तर तपासणीत होता. मी म्हटलं, "मुलीची टेस्ट होणार नाही. आधी आपले गट नीट तपासून घ्यायचे." आणि त्याला घेऊन रक्तपेढीत गेले.

तिथल्या डॉक्टरबाईंनी सगळं ऐकून घेतलं, एकही आगाऊ प्रश्न विचारला नाही. दोघांचं रक्त पुन्हा घेतलं. माझा गट ओच आला. नवऱ्याच्या पेशीही ओसारख्याच दिसल्या. पण त्याच्या सीरममध्ये ओ गटाच्या पेशी टाकल्या, तर त्यांच्या गुठळ्या झाल्या.

"खरा ओ असता तर असं झालं नसतं," बाई म्हणाल्या. "ए काय, बी काय, एच नावाच्या पदार्थावर तयार होतात. तो ह्यांच्या पेशींवर नाहीच. म्हणून बीचं जनुक असूनही दिसत नाही. मुलीला एच तुमच्याकडून मिळाला, म्हणून तिच्यात बी दिसला. हा बॉम्बे गट आहे." मग नवऱ्याकडे वळून म्हणाल्या, "आई-वडिलांचं लग्न नात्यातलं का?"

"व्हय," तो म्हणाला. घाबरला की त्याच्या तोंडी गावची बोली येते. "वडील म्हंजी आईच्या सख्ख्या मामाचा मुलगा."

नमुना पुण्याला जनुकांच्या तपासणीला गेला, तिथूनही तेच आलं. पुढे घरातल्या सगळ्यांचे गट तपासले. सासरे बी गटाचे निघाले. नणंदही बॉम्बे गटाची निघाली. तिला कधी कुणी ओचं रक्त चढवलं असतं तर जिवावर बेतलं असतं. माझ्यावर शिंतोडे उडाले नसते तर हे कुणाला कळलंही नसतं.

मला वाटलं, आता कुणीतरी मला 'चुकलं' म्हणेल. कुणी म्हणालं नाही. नणंदेचे यजमान म्हणाले, "अपवाद असतो एखादा." मी म्हटलं, "मग जिन्यात शास्त्र सांगितलंत तेव्हा अपवाद का नाही सांगितला?" ते फोन बघायला लागले.

आणि सासूबाई? त्या शेजारणींना कौतुकानं सांगत होत्या, "आमच्या घरान्याचं रगत लई येगळं हाय. हजारात न्हाय घावत." मी चहा घेऊन बाहेर आले होते. ट्रे खाली ठेवला आणि विचारलं, "आणि माझ्याबद्दल काय म्हणत होतात, तेही सांगा की ह्यांना."

"म्या? म्या कवा काय म्हनलं?"

शेजारणी पदर सावरत उठायला लागल्या. मी म्हटलं, "बसा. ऐकून जा."

तेवढ्यात आतून नवरा आला. "आई, तू म्हणालीस. रोज म्हणालीस. मी ऐकलं आणि गप्प बसलो."

सासूबाई रडायला लागल्या. मला रडू आलं नाही. शेजारणी गेल्यावर तो म्हणाला, "चुकलं माझं." मी त्याला सांगितलं, हे रक्त तपासायच्या आधी बोलला असतात तर मी ऐकून घेतलं असतं. आता पुराव्यानंतर तर कुणीही बोलेल.

संसार चालू आहे. मी त्याला माफ केलेलं नाही, आणि हे त्याला माहीत आहे.