रुक्मिणताई चहाला गेल्या

त्या दिवशी रुक्मिणताईंनी आपल्या ओंकारची वाटी आणि चमचा माझ्या हातात दिला, तेव्हाच मला कसंतरी झालं. सहा वर्षांचा ओंकार मान धरत नाही. आईशिवाय कुणी त्याला भरवलेलं मी पाहिलं नव्हतं.

"हिकडं बघा म्याडम. मान अशी धरायची. घाई केली की ठसका लागतो."

"तुम्ही आहात की."

"शिकून ठिवा," म्हणाल्या, आणि चहाला गेल्या.

केजला एका थेरपी सेंटरमध्ये मी नावनोंदणी करते. पोरांचा व्यायाम चालतो तोवर आया ओट्यावर बसतात, आणि एकीचं ऐकलं की दुसरीचं निघतं. वर्षभरात इतके किस्से साठलेत की घरी सांगायला लागले तर आई म्हणते, "जेवताना नको."

*

शबानाआपांची मुलगी चालत नाही. तपासायला आलेल्या डॉक्टरांनी आपांनाच विचारलं, "टेन्शन घेता का?"

"घ्यायला कुठं जावं लागतं साहेब? घरपोच येतं की."

डॉक्टर हसले. आपा हसल्या नाहीत.

*

ओंकारच्या आधार कार्डाला बोटांचे ठसे हवे होते. त्याची मूठ उघडेना. तीन खेपा वाया गेल्या. चौथ्या खेपेला रुक्मिणताईंनी तासभर गाणं म्हणत हात चोळला. मूठ सुटली, आणि नेट गेलं.

"मग?" एकीनं विचारलं.

"मग काय? नेट आलं तवर ह्यानं परत आवळली."

ओटाभर हसू. सगळ्यांत जास्त त्याच हसल्या, आणि डोळे पुसत राहिल्या.

*

रुक्मिणताईंचा नवरा अजून ऊसतोडीला जातो, ओंकारसाठी त्या मागं राहिल्या. एकदा मी विचारलं, फडात जास्त त्रास होता की घरी?

"फडात बरं हुतं. मुकादम तरी म्हणायचा, बस जरा. हितं कोण म्हणतं?"

*

तर त्या चहाला गेल्या. व्यायाम संपला. त्यांच्या गावची, नांदूरघाटची गाडीही गेली. फोन नुसता वाजत होता. टपरीवाला म्हणाला, "त्या हिकडं आल्याच न्हाईत."

मला विहिरीच दिसायला लागल्या.

"यील ती," शबानाआपा म्हणाल्या. "मी बी एकदा अशीच निघालते. चौकापातूर गेले, परत आले."

आपा हे अगदी सहज बोलल्या. ओंकार दाराकडे बघत होता. मी पुन्हा फोन लावला. कितव्यांदा ते मोजलं नाही.

उचलला.

"रुक्मिणताई?"

"न्हाई बाई, मी दुसरीच हाय." म्हातारा, अनोळखी आवाज होता. "ष्टँडावर बसलेय. शेजारी एक बाई झोपलीय, तिच्या पिशवीत फोन कवाचा वाजतोय, म्हणून काढला. लई गाढ झोपलीय वो, घोरतीय. उठवू का?"