झहारीचं पाणी

वेलिकाने ती पाटी पाहिली आणि हातातली अंड्यांची टोपली रस्त्यावरच आदळली. चार अंडी फुटली. फुटू देत, ती मनाशी म्हणाली, मालकाच्याच नाश्त्याची होती.

पाटी विश्रामगृहाच्या फाटकापाशी, झहारीच्या पाणपोईवर लावली होती. पांढरा पत्रा, त्यावर निळा पेला, पेल्यावर तांबडी काट, आणि खाली मोठ्या अक्षरांत: पाणी पिण्यासाठी नाही. वर हातभर अंतरावर सालिह गवंड्याने कोरलेला दगड. त्यावर तिच्या मुलाचं नाव, जन्माचं आणि मरणाचं साल, आणि एक ओळ: वाटसरा, पाणी पी, माझी आठवण काढ.

तोटीतून धार तर पडत होती. वेलिकाने ओंजळ धरली. कोमट. बीचच्या झाडांच्या रानातून येणारं पाणी, ज्याने ऑगस्टातही दात ठणकायचे, ते जूनच्या सकाळी कोमट लागत होतं. तिने घोट घेतला आणि थुंकला. रबराचा वास.

पावाची गाडी घेऊन रायचो आला. तो रोज इथे थांबून पाणी प्यायचा.

"तुला कळलं नाही रे?" वेलिकाने विचारलं.

"मावशी, पंधरा दिवस मला वाटतंय माझ्याच तोंडाची चव गेली. बायको म्हणते, राकिया ढोसणं कमी कर." त्याने पाटी वाचली आणि टोपी काढली. "पितोय की मी अजून. झहारीचं पाणी म्हणून पितोय."

वेलिकाने भिंतीच्या मागे जाऊन पाहिलं. वरून येणारा जुना नळ कापून त्याला बूच मारलं होतं. खालच्या डोणीतलं पाणी एका काळ्या नळीने मागे यायचं, छोटी मोटर ते वर चढवायची आणि तेच पाणी पुन्हा तोटीतून पडायचं. दिवसभर. तेच ते.

झहारी गेला त्याला बारा वर्षं झाली. लाकडाचा ट्रक खालच्या वळणावर उलटला आणि तो केबिनमध्ये अडकला. वय बावीस. रुग्णवाहिका शहरातून येणार, म्हणजे दोन तास. ऊन होतं. तो पाणी मागत होता. जमलेल्यांत कुणीतरी शहाणा होता, तो म्हणाला, जखमीला पाणी देऊ नका. नाही दिलं. वेलिका तेव्हा याच विश्रामगृहाच्या स्वयंपाकघरात साठ माणसांचं सूप ढवळत होती. वळण तिथून चालत वीस मिनिटांवर. मूल शाळेत जायचं तेव्हा टोपी घातली का, डबा खाल्ला का, असं दिवसातून दहा वेळा मनात घोकणारी बाई ती. त्या दिवशी तिला काही म्हणजे काही जाणवलं नव्हतं. ते तिने स्वतःला कधी माफ केलं नाही.

तहानलेला गेलेला जीव तिकडेही तहानलेलाच राहतो, असं आमच्याकडे मानतात. म्हणून त्याच्या नावाने पाणी वाहतं ठेवायचं. जो कुणी पिईल तो म्हणणार, देव झहारीला क्षमा करो, आणि तेवढा घोट त्याला पोचणार. वेलिका शिकलेल्या बायकांशी यावर वाद घालत बसत नसे. पोचतो, बस.

पाणपोई गावाने बांधली. रानातल्या झऱ्यापासून फाटकापर्यंतचा चर सगळ्यांनी मिळून खणला. जागा विश्रामगृहाची होती, पण तेव्हाचे व्यवस्थापक म्हणाले होते, खणा कुठेही, मेलेल्या पोराच्या पाण्याला कोण अडवतंय. सालिह खालच्या मुसलमान वस्तीतला. त्याने दगड कोरला आणि मजुरी घेतली नाही. अशा कामाची घेतही नाहीत.

विश्रामगृह मूळचं खाणकामगारांचं. पंधरा-पंधरा दिवसांसाठी माणसं यायची, खोकत यायची आणि थोडी कमी खोकत जायची. वेलिका एकोणीस वर्षांची असताना तिथे भांडी घासायला लागली आणि पुढे मुख्य स्वयंपाकीण झाली. मग खाण बंद पडली, विश्रामगृहाला कुलूप लागलं, आणि नऊ वर्षं तिने बिनपगारी किल्ल्या सांभाळल्या. हिवाळ्याआधी नळ रिकामे करायचे, वसंतात गाद्या उन्हात टाकायच्या. कुणी सांगितलं नव्हतं. सोफिया शहरातल्या देल्यानने ती मालमत्ता घेतली तेव्हा छप्पर शाबूत होतं ते तिच्यामुळे.

याच देल्यानने मार्चमध्ये तिला विचारलं होतं, "मावशी, त्या पाणपोईचं पाणी कुठून येतं हो?" आणि ती त्याला बर्फातून झऱ्यापर्यंत घेऊन गेली होती. पाण्याची वाट विचारली तर आमच्याकडे लपवत नाहीत, ते पाप. वर हिनेच कौतुकाने सांगितलं, कितीही दुष्काळ पडो, हा आटत नाही. तिला वाटलं, तो ओंजळ भरून पिईल आणि झहारीचं नाव घेईल. त्याने फोनवर झऱ्याचे फोटो काढले.

आता ते पाणी कुठे जात होतं हे शोधायला फार डोकं लागलं नाही. मागच्या कुरणावर लाकडी टबांची रांग होती. पाहुणे त्यात गळ्यापर्यंत बसून डोंगर बघायचे.

देल्यान न्याहारीच्या दालनात खुर्च्या सरळ करत होता. चाळिशीचा, सभ्य, आवाज कधी न चढवणारा.

"पाणी तोडलंस तू," वेलिका म्हणाली.

"तोडलं नाही मावशी, वळवलंय. पाणपोई तशीच ठेवली ना? दगड घासूनपुसून घेतला, रात्री दिवे लागतात. सगळे तिथे फोटो काढतात."

"फोटोला तहान लागते का?"

"पाहुण्यांचा जीव धोक्यात नको, म्हणून पाटी लावली."

"आणि आमच्या माणसांचा? पंधरा दिवस पितायत ते."

त्याने हातातली खुर्ची टेबलाला लावली. मग त्याला काहीतरी सुचलं आणि चेहरा खुलला. "असं करू. तिथे फळीवर पाण्याच्या बाटल्या ठेवू. फुकट. आणि लेबलवर झहारीचं नाव छापू. किती छान दिसेल."

वेलिकाने त्याच्याकडे पाहिलं. तो चेष्टा करत नव्हता. तेच जास्त भयंकर होतं. या माणसाला मारायचं तरी कुठे, तिला कळेना.

"सोमवारी बोलू," तो म्हणाला. "तुमच्याकडे त्या जागेचं काही लेखी असेल तर बघतो मी."

ती स्वयंपाकघरात गेली. कोकराची तंगडी भट्टीत होती, सव्वीस पाहुण्यांचं जेवण. तिने खिडकीतून पाहिलं. आज मृतांचा शनिवार, गेलेल्यांच्या नावाने गहू वाटायचा, चेरीच्या हंगामातला. दरवर्षीप्रमाणे बायका उकडलेले गोड गहू आणि चेरी घेऊन पाणपोईकडे निघाल्या होत्या. त्यांना पाटी दिसली आणि त्या वाटेतच थबकल्या.

वेलिकाने भट्टी बंद केली. एप्रन काढून ती सालिहच्या घरी गेली.

सत्तरीचा सालिह अंगणात घमेलं धूत होता. त्याने सगळं ऐकलं. त्याचे कान लाल झाले.

"अंधार पडू दे. मी आणि पुतण्या येऊन दगड काढतो."

"चोर आहोत का आपण? आत्ता चल. सगळ्यांदेखत."

"पोलिसांना बोलावील तो."

"बोलावू दे. मजुरी घेतली होतीस?"

"छट्."

"मग तो दगड अजून तुझाच."

सालिह हसला नाही. छिन्नी घेतली, हातोडा घेतला, आणि बायकोला म्हणाला, "जेवायला थांबू नकोस."

भर दुपारी पाणपोईवर हातोडा पडू लागला. पाहुणे व्हरांड्यातून उतरून आले. त्यांना आधी वाटलं, हा काही गावचा कार्यक्रम आहे, आणि दोघांनी फोन वर केले. मग दगड सुटला, सालिह आणि रायचोने तो उचलून गवतावर आडवा ठेवला, आणि भिंतीतल्या भोकातून काळी नळी आणि घुरघुरणारी मोटर सगळ्यांना दिसली.

एका पाहुणीने लहान मुलीचा हात धरला होता. ती म्हणाली, "म्हणजे गुरुवारी माझी मुलगी जे पाणी प्यायली ते हे होतं?"

"पाटी लावली आहे," देल्यान धावत येत म्हणाला.

"आज लावलीत. गुरुवारी नव्हती." तिचा आवाज चढत गेला. मुलीच्या कपाळाला हात लावत ती पुढे बोलतच राहिली.

देल्यान वेलिकाकडे वळला. "मावशी, हा काय तमाशा? जेवणाचं काय? दीड वाजला."

"भट्टी थंड आहे."

"सव्वीस माणसं आहेत."

"माझा पोरगा दोन तास पाणी मागत होता," वेलिका म्हणाली. आवाज मोठा नव्हता. "तुझी माणसं दोन तास जेवण मागू देत. मरत नाही कुणी. माझा मेला."

ती डोणीच्या कडेला बसली. बायका तिच्या शेजारी बसल्या, मांडीवर गव्हाचे वाडगे. कुणी कुणाला एक दाणा दिला नाही, कारण गहू खाल्ला की पाणी प्यायचं असतं, आणि पाणी नव्हतं.

देल्यानने तासभर फोन केले. मग नळवाला आला. टब बंद झाले. साडेचारला तोटी खोकली, गढूळ पाणी ओकली, मग धार स्वच्छ झाली. सालिहने पहिली ओंजळ घेतली, आपल्या पद्धतीने ओठांत काही म्हटलं आणि झहारीचं नाव घेतलं. वाडगे फिरू लागले.

"आता दगड बसवू द्या," देल्यान म्हणाला. "भोक फार वाईट दिसतं."

"नाही."

"अहो, पाणी दिलं की मी."

"तू दिलंस?" वेलिका उठली. तिचे गुडघे वाजले. "पाणी तुझं कधी होतं? रायचो, गाडी जवळ घे रे. दगड माझ्या घरी जाईल. नाव कुठे लावायचं ते मी ठरवीन."

रायचोने पावाच्या गाडीत पोती अंथरली आणि दगड नेला.

तिने नोकरी सोडली नाही. गावातल्या बऱ्याच जणांना ते पटलं नाही. तोंडावर थुंकून यायला हवं होतं, असं ते अजून म्हणतात. पण स्वयंपाकघराची खिडकी पाणपोईच्या समोर आहे. दुसरी स्वयंपाकीण आली तर ती सूपच ढवळत बसेल, आणि कोण कुठला नळ कापतंय याकडे तिचं लक्ष नसेल. वेलिका एकदा तशी ढवळत बसली होती.

दगड तिच्या खोलीत भिंतीला टेकून उभा आहे. देल्यान दर महिन्याला विचारतो, ती दर महिन्याला नाही म्हणते. सकाळी कामावर जाताना ती तोटीखाली मनगट धरते, जसं बाळाचं दूध बघतात तसं. गार लागलं, हाड ठणकलं, की मगच ती आत जाते.