चिप काढून चालू कर

सुमन गेल्याची बातमी आमच्या जुन्या मालकांनीच फोनवर दिली, आणि वर म्हणाले, "आपल्या घरचीच होती हो..." फोन आदळताना माझ्याकडून चहाचा कप लवंडला. दुःखाने नव्हे, संतापाने.

ऐंशीच्या दशकात शिळफाट्याजवळ त्यांचा बॉयलरची नियंत्रणयंत्रं बनवायचा कारखाना होता. वीज आली की यंत्राने आधी स्वतःला तपासायचं, मगच कामाला लागायचं... तो सुरुवातीचा प्रोग्रॅम दहिवलीच्या सुमनने लिहिलेला. बिघाड सापडला तर यंत्र जागीच थांबायचं आणि लाल अक्षरांत 'एरर' दाखवायचं. मालक म्हणाले, "गिऱ्हाईक घाबरतं. शून्यं दाखव नि पुढे जाऊ दे." तिने ऐकलं नाही, तेव्हा त्यांनी दुसऱ्याकडून तो भाग काढून घेतला. पुढे चौक गावाजवळच्या कागद गिरणीत आमच्या एका यंत्राची मेमरी बिघडली. यंत्र शून्यं दाखवत राहिलं आणि वाफेने एका कामगाराचा हात भाजला. "प्रोग्रॅम सुमनचा," म्हणत मालकांनी तिला काढून टाकलं.

ती गप्प बसणारी नव्हती. त्याच गिरणीत माल तपासायच्या कामावर लागली. कारखान्याच्या टेंपोतून तिथे यंत्रं घेऊन जायचो मी. पहिल्याच वेळी ऐटीत बटण दाबायला गेलो.

"थांब रं." तिने झाकण उघडलं, आकडे लक्षात ठेवणारी चिप उपटली. "आता चालू कर."

शून्यं. अगदी शांत.

"डोकं काडलं तरी बरं हाय म्हनतंय. तुज्यासारकंच हाय. ने परत!"

पुढच्या खेपेला मी हुशारी केली, झाकणच डिंकाने चिकटवलं. तिने मला गिरणीच्या दारात बसवून ते खरवडायला लावलं; येणारेजाणारे हसत होते. माल परत येत राहिला. शेवटी मालकांनी मुकाट्याने 'एरर' पुन्हा घातलं, पण दोष कुणाचा, ते कधीच बोलले नाहीत. सुमन म्हणायची, "त्यांच्या तोंडून वदवीन, तवाच सोडीन..." ते राहिलं.

विहारात तिच्या पुण्यानुमोदनाला मालक बोलायला उभे राहिले. "सुमनच्या चुका आम्ही पोटात घातल्या..." गिरणीतून तेव्हा परत आलेलं एक यंत्र मी पिशवीतून नेलंच होतं. ते तिच्या फोटोशेजारी ठेवलं, चिप काढली. "साहेब, तुम्हीच दाबा बटण." भाजलेल्या हाताचा तो कामगार पहिल्या रांगेत होता. मालकांनी बटण दाबलं नाही. चपला शोधू लागले. मग त्या कामगारानेच दाबलं.

ते यंत्र आता माझ्या दिवाणखान्यात आहे. चिप मी परत बसवलेली नाही. पाहुणे विचारतात, "चालतं का हो?" मी बटण दाबतो. शून्यं उमटतात... आणि मी त्यांना मालकांचं पूर्ण नाव सांगतो.