खालून येणारी साथ

माय नांदेडला माझ्याकडे आली ती काही गाणं ऐकायला नाही. आमच्या गावाला, औसा तालुक्यात, दिवाळीनंतर जमिनीतून पुन्हा आवाज यायला लागले होते. लांबवर कुणी भरलेलं पिंप लोटत न्यावं तसा घुमणारा आवाज, दोन-तीन सेकंद, मग काही नाही. तहसीलचे लोक येऊन शाळेच्या खोलीत धक्के मोजायचं यंत्र ठेवून गेले, घाबरण्याचं कारण नाही म्हणून सांगून गेले. तरी गाव घरं सोडून अंगणात पत्र्याखाली झोपू लागलं. माय तिथंही झोपेना. शेवटी शेजारच्या काकूंनी मला फोन केला. "तिला घिऊन जा बाई. दिवसभर भुईवर हात ठिवून बसती. बोलत बी न्हाई."

मी जाऊन तिला घेऊन आले. नांदेडात मी एका सरकारी कार्यालयात लिपिक आहे. एकटीच राहते, पहिल्या मजल्यावर, दोन खोल्यांत. माय आली, चप्पल काढून फरशीवर उभी राहिली आणि म्हणाली, "इथं काहीच कळत न्हाई गं." मला वाटलं, बरंच झालं.

त्याच आठवड्यात शहरात संगीत महोत्सव होता. एरवी मोठे गायक-वादक आमच्याकडे कशाला येतील. त्या सात दिवसांत येतात. रोज संध्याकाळी सहाला सुरू, नवाच्या आत संपणार, आणि शेवटची मैफल रविवारी सूर्योदयाची, नदीच्या घाटावर. मी वर्षभर ह्या आठवड्याची वाट बघते. रजा आधीच टाकलेली होती आणि पास दोन होते. मायला गाण्याचं वावडं नाही. तरुणपणी जयंतीच्या गाण्यात कोरस धरणाऱ्या बायकांत ती पुढं असायची.

"चल, तुझं मन रमेल," मी म्हटलं.

"हॉल खाली हाय का वर?"

"खालीच आहे."

"मग येते."

सोमवारी ख्यालगायन होतं. गाणारी बाई साठीच्या पुढची, आवाजाला किंचित खर, पण एकेक स्वर असा अलगद ठेवायची की पुढच्या रांगेतले म्हातारे मान हलवायचंही विसरले. मी रमले होते. मध्येच मायकडं पाहिलं तर तिनं चपला काढून खुर्चीखाली सारल्या होत्या आणि दोन्ही तळवे फरशीवर सपाट टेकवले होते. डोळे मिटलेले होते. ती गाण्यात रंगली असं समजून मला आनंद झाला. थोड्या वेळानं ती माझ्याकडं वाकून हळूच म्हणाली, "खालून बी वाजून राहिलंय."

"स्पीकरचा दणका असतो माय. फरशीतून जाणवतो."

तिनं मान हलवली. पटल्यासारखी नाही, मुलांशी वाद नको म्हणून हलवतात तशी.

मंगळवारी सतार होती. मायनं दारालगतची खुर्ची धरली आणि मलाही ओढून शेजारी बसवलं. सुरुवातीचा आलाप फार संथ होता. एकेक स्वर विझेपर्यंत वादक थांबायचा, आणि त्या थांबण्यात सभागृह इतकं शांत व्हायचं की पंख्याची घरघर ऐकू यायची. अशाच एका शांततेत आमच्या रांगेतल्या शेवटच्या रिकाम्या खुर्चीची सैल पाठ टकटक करू लागली. हळू, सारख्या अंतरानं, सात-आठ वेळा. मग थांबली. स्पीकरमधून तेव्हा काहीच वाजत नव्हतं. मी वळून पाहिलं, त्या खुर्चीजवळ कुणी नव्हतं.

"ऐकलंस?" माय म्हणाली. "कुणीतरी थोपटून राहिलंय."

घरी जाताना ऑटोत मी तिला म्हणाले, बाहेरून ट्रक गेला असेल. तिनं विचारलं, "ट्रक थोपटतो व्हय?"

बुधवारी एका दर्ग्याच्या अंगणात कव्वाली होती. खुर्च्या नव्हत्या, सतरंज्या अंथरल्या होत्या. बायकांची बाजू वेगळी. तिथं बसल्याबरोबर मायनं सतरंजीची कड दुमडली आणि उघड्या मातीवर उजवा तळहात ठेवला. समोर टाळ्यांचा ठेका चढत होता, मुख्य कव्वाल हात वर करून एकच ओळ पुन्हा पुन्हा वेगळ्या वाटेनं आणत होता, लोक डुलत होते. मायचा हात मात्र हलला नाही. शेजारी काळ्या बुरख्यातली एक म्हातारी बसली होती. तिनं बराच वेळ मायला न्याहाळलं आणि विचारलं, "क्या सुन रहे अम्मा?"

"जमीन," माय म्हणाली.

ती बाई हसेल किंवा मान फिरवेल, असं मला वाटलं होतं. तिनंही आपला हात मातीवर ठेवला. मिनिटभर तशीच बसली. मग तिचा चेहरा उतरला. तिनं पिशवी उचलली, बरोबरच्या सुनेला खांद्याला धरून उठवलं आणि दोघी फाटकाकडं निघाल्या. जाता जाता मायच्या डोक्यावरून हात फिरवून ती म्हणाली, "तुम भी जाव अम्मा."

कव्वाली ऐन रंगात होती तरी आम्ही उठलो.

गुरुवारी मी जायचंच नाही असं ठरवलं होतं. पण एकट्या तबल्याची मैफल होती, तो वादक ऐकायची माझी कित्येक वर्षांची इच्छा, आणि खरं सांगायचं तर मला स्वतःला तपासून पाहायचं होतं. सभागृहात बसल्यावर मी सँडल काढली आणि मायसारखे तळवे फरशीवर टेकवले. फरशी गार होती. तबल्याची थाप, डग्ग्याचा घुमारा, सगळं पायांपर्यंत पोचत होतं. ते मला ओळखू येत होतं. अर्धा तास गेला. माझ्या भीतीचं मलाच हसू येऊ लागलं.

मग वादकानं हात उचलून लोकांना पुढच्या रचनेविषयी सांगायला सुरुवात केली. तो साध्या आवाजात बोलत होता, वाद्यं मुकी होती. आणि माझ्या टाचांखाली काहीतरी चालू होतं. त्याचा ठेका त्याचा स्वतःचा होता, तबल्याहून खूप संथ. दमलेल्या हातानं थोपटावं तसं. वादकानं पुन्हा वाजवायला घेतलं, तेव्हा ते त्याच्याखाली बुडून गेलं. पण मला आता माहीत होतं की ते तिथं आहे. मी मायकडं पाहिलं. ती आधीपासूनच माझ्याकडं बघत होती.

शुक्रवारी आम्ही गेलो नाही. दुपारी स्वयंपाकघरात खाली बसून मेथी निवडत होतो. मी विचारलं, "माय, तुला हे कधीपासून कळतं?"

तिनं मेथीची जुडी खाली ठेवली.

त्र्याण्णवचा भूकंप झाला तेव्हा मी सहा वर्षांची होते. धाकटी बहीण दोन वर्षांची. ती त्यात गेली, एवढं मला ठाऊक होतं. आमच्या घरात ह्यापलीकडं कधी बोलणं झालं नव्हतं. वडील त्या दिवशी लातूरला होते, त्यांनीही मरेपर्यंत विषय काढला नाही.

"पहाटं ती किरकिर करत व्हती," माय म्हणाली. "तिला थोपटून निजवलं. मंग पाणी प्यायला उठले. पाय भुईला लागले आन् असं वाटलं, खालून मुंग्या चढून राहिल्यात. आवाज न्हाई, काही न्हाई. नुसत्या मुंग्या. माझ्या मनानं घेतलं, भाईर व्हावं. तू दारापाशी व्हतीस, जागी. तुला उचललं आन् अंगणात ठिवलं."

ती थांबली. मी निवडलेली पानं परातीत सारली.

"तिला कामून न्हाई उचललं, ते मलाच कळंना झालंय. दोघींचं ओझं काय व्हतं? वाटलं, झोपलीय, एकेक करून नेईन. घाई हाय असं कुठं वाटलं व्हतं मला."

बाहेर भाजीवाला ओरडत गेला. मायनं पुन्हा जुडी उचलली आणि पानं खुडू लागली. माझ्या मनात आलं ते मी तिला विचारलं नाही, की आता खालून जे थोपटतं, ते तुला कोण वाटतं. विचारायचं धाडस नव्हतं. शनिवारी मी तिला घेऊन बाजारात गेले, लुगडं घेतलं, रसाच्या गाड्यावर बसले. माय बोलली, हसलीसुद्धा. संध्याकाळी मात्र म्हणाली, "उद्याचं नदीवर हाय ना? जाऊ."

"नको माय."

"जाऊ. हितं वर बसून मला कळत न्हाई, त्याचंच जास्त भ्या वाटतं."

रविवारी उजाडायच्या आत आम्ही घाटावर पोचलो. गोदावरीवर धुकं होतं, पलीकडचा काठ दिसत नव्हता. पायऱ्यांवर शे-दीडशे लोक शाली पांघरून बसले होते. खालच्या रुंद पायरीवर छोटा मंच, त्यावर उतारवयाचे गायक, मागं दोन मुली तंबोरे घेऊन, आणि बाजूला गादीवर आडवा ठेवलेला एक जादा तंबोरा. आम्ही अगदी कडेला बसलो. मायनं पाय दगडावर टेकवले.

गायकांनी पहाटेचा राग धरला. पाऊण तास झाला असेल. पूर्वेला तांबूस दिसू लागलं, झाडांवर पाखरांचा गलका सुरू झाला. गायक पाणी प्यायला थांबले, मुलींनीही तारांवरची बोटं काढली. तेवढ्यात पाखरं थांबली. सगळी, एकदम. माय उभी राहिली. तिनं दोन्ही हातांनी माझं मनगट धरलं, इतकं घट्ट की बांगडी रुतली.

आणि तो आडवा तंबोरा वाजू लागला. त्याला कुणी हात लावला नव्हता. आधी जाड तार, मग बाकीच्या, चारही तारा मिळून एक दाट गुंजारव उठला. मंचाजवळचे लोक त्याच्याकडं बघत राहिले. मग माझ्या पायांखालचा दगड सरकला असं वाटलं, काठाला बांधलेल्या होडीची साखळी खळखळली, आणि पलीकडच्या धुक्यातून सगळ्या बाजूंनी कुत्री भुंकायला लागली. कुणीतरी "भूकंप" म्हणालं. लोक उठले, एकमेकांना धरत पायऱ्या चढू लागले. मायनं मला ओढत वर, मोकळ्या रस्त्यावर नेलं. ती धावत होती, बासष्ट वर्षांची बाई, आणि एकदाही मागं वळली नाही.

सगळं मिळून दहा सेकंदांचं होतं. सौम्य धक्का, असं नंतर मोबाईलवर आलं, हानी नाही. खाली घाटावर गायक जागचे हलले नव्हते. त्यांनी त्या तंबोऱ्याच्या भोपळ्यावर तळहात ठेवला होता, घाबरलेल्या जनावराला शांत करावं तसा. जरा वेळानं ते माइकमध्ये म्हणाले, "बसा. झालं ते." निम्मे लोक परत येऊन बसले.

मी मायला म्हटलं, "घरी जाऊ."

"आता कशाला?" ती म्हणाली. "आता भुई गप हाय."

पण मीच बसू शकले नाही. मायनं हाताला धरून मला ऑटोत बसवलं.

दुसऱ्या दिवशी ती गावी जायला निघाली. मी पुष्कळ अडवलं. ती म्हणाली, "तिथं जमीन सांगती तरी. आन् अंगण हाय." शेवटी मी तिला पोचवायला निघाले. लातूरची एसटी मिळाली, खिडकीची जागा मिळाली. लोहा गेलं. अहमदपूरच्या स्टँडवर गाडी दहा मिनिटं थांबली. मायनं पेरू घेतले, एक मला दिला आणि विचारलं, "ते गाणं कसं व्हतं गं? पहिल्या दिवशीच्या बाईचं. माझं ध्यान नव्हतं."

मी सांगायला लागले. तिची साडी सांगितली, आवाजातली खर सांगितली, म्हातारे कसे थिजून ऐकत होते ते सांगितलं.

"अगं, पर गाणं कसं व्हतं? जरा म्हण की."

मी तोंड उघडलं. त्या बाईची चीज आठवेना. सतारीचा आलाप आठवेना. कव्वालीची ती एकच ओळ, पन्नास वेळा ऐकलेली, तीही नाही. वर्षभर ज्यासाठी थांबले होते त्या आठवड्यातला एक स्वर माझ्याजवळ उरला नव्हता. मी पुन्हा पुन्हा आठवून पाहत होते आणि मायला सांगायचं टाळत होते.

ती माझ्या तोंडाकडं बघत राहिली. मग तिनं मान खिडकीकडं वळवली.

"असू दे," ती म्हणाली. "तुला बी व्हायला लागलंय. खालचंच ध्यानात ऱ्हातं."

कंडक्टरनं घंटी दिली. गाडी स्टँडबाहेर पडली आणि चाकूरच्या रस्त्याला लागली.