शेरगाझीचे लाल ठिपके

तोकमोकच्या आमच्या गल्लीत सध्या एकच बातमी आहे: शेरगाझीने गाडी विकली आणि म्हातारपणी घोडा घेतला. नानवाल्या बाईच्या मते घोडा पांढराशुभ्र आहे. हमामातल्या बायका तर शेरगाझीला दुसऱ्या लग्नाच्या बोहल्यावर चढवून मोकळ्या झाल्या. तर ऐका. घोडा तांबडा आहे, शेरगाझीच्या धाकट्या भावाचा आहे आणि उसना आणलेला आहे. गाडी विकलेली नाही. ती त्याच्या व्याह्याच्या गॅरेजात उभी आहे. विकली असती तर बरं, असं आता कालबुबूसुद्धा म्हणते. कालबुबू म्हणजे त्याची बायको.

गाडीच्या बाबतीत शेरगाझीला फसवणारा मेकॅनिक अजून जन्मायचाय, असं तो स्वतःच सांगायचा. गल्लीत कुणाची गाडी खोकली की हा फाटकात हजर. "आवाज आधी आपल्या कानांनी ऐक. मग दोन ठिकाणी दाखव. विचारल्याशिवाय स्क्रूसुद्धा बदलू देऊ नकोस. आणि जुना पार्ट हातात मागून घे. देत नसला, तर समज, काढलाच नाही."

त्याची खरी करामत वेगळीच. गाडी कामाला टाकण्याआधी तो आतल्या पार्टांवर कालबुबूच्या नेलपॉलिशचा लाल ठिपका द्यायचा. मेकॅनिक "नवा टाकला" म्हणाला की भर बाजारात त्याला ठिपका दाखवायचा आणि वर विचारायचा, "कारखान्यात हल्ली नखं रंगवून देतात का रे?" कालबुबूची नखं कोरी आणि गाडी नटलेली, असं मी चिडवायचे. लेक नुरझात लहान होती तेव्हा बाटली धरून बापाशेजारी उकिडवी बसायची.

या वसंतात नुरझातचं लग्न झालं, केंजेबेकच्या मुलाशी. केंजेबेकचं बाजारामागे मोठं गॅरेज. आता व्याह्याचं गॅरेज असताना गाडी दुसरीकडे नेणं म्हणजे भर चौकात त्याची टोपी उडवणं. त्यात नवी सून, तिचं बस्तान अजून बसायचंय. बापाचा एक वाकडा शब्द तिला जन्मभर चहाबरोबर प्यावा लागेल.

आणि नेमकं पुढचं डावं चाक कुरकुरायला लागलं.

"रबराचा बुश झिजलाय, बाकी काही नाही," शेरगाझी म्हणाला. गाडी व्याह्याकडे सोडली. पण खोड ती खोड. आदल्या संध्याकाळी ठिपके दिलेच.

मग निरोप आला: काम झालं, जेवायलाच या. कालबुबूने मलाही ओढून नेलं. गाडी अंगणात जॅकवर, चाक अजून बसवायचं होतं. शेरगाझी नाडी बांधायला म्हणून वाकला. बुटांना नाडी नव्हती. उठला तेव्हा कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या, आणि मला कळलं, की गाडीखाली आणखी काहीतरी लालच आहे.

आत मेंढी शिजलेली. केंजेबेकने मानाचं हाड उचलून शेरगाझीच्या ताटात ठेवलं.

"घ्या, व्याहीबुवा. पुढचे दोन्ही शॉकअप नवे टाकले. जुने पार गेले होते. तुम्ही जिवंत घरी पोचत होतात हीच देवाची दया."

"दोन्ही?" शेरगाझी म्हणाला.

"दोन्ही! आपल्या माणसाचं काम अर्धं ठेवीन का?"

शेरगाझीने हाड खाली ठेवलं. घसा खाकरला. कालबुबूने त्याचा गुडघा दाबला, पण तो गुडघा आता कुणाच्या ऐकण्यातला नव्हता. "व्याहीबुवा," तो म्हणाला, "मग ते जुने..."

नुरझात चहा ओतत होती. तिने बापाची वाटी घेतली आणि काठोकाठ भरून पुढे ठेवली.

पाहुण्याची वाटी आमच्याकडे अर्धीच भरतात, म्हणजे तो पुन्हा मागतो आणि बसून राहतो. काठोकाठ भरली म्हणजे, आता उठा.

"अगं बाई!" विहीणबाई हसल्या. "बापाला हाकलतेस की काय? हेच शिकवलं का माहेरी?"

सगळे हसले. नुरझात मान खाली घालून म्हणाली, "चुकलं, आई. हात हलला." तिचा हात दगडासारखा स्थिर होता.

शेरगाझीने वाटी दोन्ही हातांनी उचलली आणि चटके खात एका दमात संपवली. "जुने काय, मेलेच होते," तो म्हणाला. "उपकार झाले, व्याहीबुवा. निघतो आम्ही."

"निघा, पण गाडी राहू दे की. गिअरबॉक्सपण उघडून बघतो. मला त्याचा आवाज आवडला नाही."

गिअरबॉक्सला आवाज नव्हता. तरी शेरगाझीने मान डोलवली.

परतीच्या बसमध्ये तो खिडकीबाहेर बघत होता. माझ्या जिभेला कुठला धीर!

"काय हो भावजी, गल्लीला शहाणपण शिकवता. जुना पार्ट हातात मागून घ्यावा, नाही का?"

शेरगाझी वळला. डोळे ओले होते, पण आवाज नेहमीचाच.

"मागितला असता, वहिनी. पण त्यांनी पोरगीच हातात दिली असती."